परीक्षेआधीची परीक्षा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शिक्षणातील विषमतेची चर्चा चळवळीला नवी नाही. गावात शाळा नाही, शाळेत शिक्षक नाही, तालुक्याला वसतिगृह नाही, फी परवडत नाही, या तक्रारी प्रत्येक कार्यकर्त्याच्या परिचयाच्या आहेत आणि त्यांवर मोर्चेही निघालेले आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत विषमतेचे एक असे ठिकाण निर्माण झाले आहे की, जेथे मोर्चा नेता येत नाही. कारण ते सहसा कोणाच्या नजरेतच येत नाही. ते ठिकाण म्हणजे प्रवेश परीक्षेच्या अर्जातील विषयांचा रकाना. बारावीच्या विद्यार्थ्याने कोणकोणत्या विषयांची परीक्षा द्यावयाची हे तेथे भरावयाचे असते. काम दहा मिनिटांचे असते. पण त्या दहा मिनिटांत काही दारे उघडतात, काही बंद होतात, आणि कोणते दार बंद झाले याची वार्ता विद्यार्थ्याला कित्येकदा निकाल लागल्यावरच कळते.

हा प्रश्न ज्या परीक्षेमुळे पुढे आला तिची थोडी माहिती देणे अवश्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२२ मध्ये घोषणा करून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी एक सामायिक प्रवेश परीक्षा सुरू केली. सीयूईटी या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते व राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, ती घेते. दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, अलाहाबाद, हैदराबाद अशी मोठी केंद्रीय विद्यापीठे या परीक्षेच्या गुणांवर पदवीचे प्रवेश देतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे प्रवेश अजून बारावीच्या गुणांवरच देतात, हे खरे. तथापि ज्या विद्यापीठांत सरकारी खर्चाने, तुलनेने अल्प शुल्कात, उत्तम ग्रंथालय आणि नामवंत अध्यापक लाभतात, त्यांची वाट या परीक्षेतून जाते. तेथे सोलापूरच्या विडी कामगाराची मुलगी आणि गडचिरोलीच्या आदिवासी शेतकऱ्याचा मुलगा पोचतो की नाही, हा प्रश्न म्हणूनच महाराष्ट्राचाही आहे.

परीक्षेची रचना अशी. २०२५ साली तीत एकूण ३७ विषय होते : १३ भाषा, २३ अभ्यासविषय आणि एक सामान्य चाचणी. विद्यार्थ्याला त्यांपैकी जास्तीत जास्त पाच निवडता येत होते. प्रत्येक विषयाला ५० प्रश्न, वेळ ६० मिनिटे. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीच्या उत्तरामागे एक गुण वजा. त्या वर्षी सुमारे साडेतेरा लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली आणि सुमारे १० लाख ७० हजार विद्यार्थी प्रत्यक्ष परीक्षेस बसले. एवढ्या मोठ्या समुदायापैकी प्रत्येकाला विषयांच्या रकान्यापाशी क्षणभर थांबावे लागले. कोणाच्या शेजारी त्या वेळी जाणकार माणूस बसलेला होता आणि कोणाच्या शेजारी नव्हता, यावर पुष्कळ काही ठरून गेले.

या परीक्षेच्या पुरस्कर्त्यांची बाजू प्रथम न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. जुनी पद्धत फार न्याय्य होती असे कोणी म्हणू नये. २०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत काही अभ्यासक्रमांसाठी पहिल्या यादीची मर्यादा शंभर टक्क्यांवर गेली होती. शंभरपैकी शंभर मिळाले तरच प्रवेश, हा गुणवत्तेचा विनोदच होता. शिवाय देशात अनेक परीक्षा मंडळे. एक सढळ हाताने गुण देणार, दुसरे हात आखडता घेणार, आणि दोघांचे विद्यार्थी एकाच यादीत उभे राहणार. ज्या मंडळाचा हात आखडता त्याच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होई, ही तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी, या कल्पनेत समतेचा एक अंश निश्चितच आहे.

दुसरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शिकविलेल्या विषयाची परीक्षा ही 'उपजत बुद्धी' मोजण्याचा आव आणणाऱ्या परीक्षेपेक्षा तत्त्वतः अधिक प्रामाणिक असते. या बाबतीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अनुभव उद्बोधक आहे. हे सरकारी विद्यापीठ आपल्या अर्जदारांकडून सॅट ही सर्वसाधारण परीक्षा आणि त्याशिवाय वेगळ्या विषय-चाचण्या मागत असे. आधी तीन, पुढे दोन. १९९६ ते १९९९ या काळात प्रवेश घेतलेल्या सुमारे ७८ हजार विद्यार्थ्यांच्या गुणांचा त्या विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला. तेव्हा असे आढळले की, विद्यार्थी पुढे कसा शिकेल याचा अंदाज सर्वसाधारण परीक्षेपेक्षा विषय-चाचण्यांवरून अधिक चांगला येतो, आणि घरच्या सांपत्तिक स्थितीची छायाही त्यांच्यावर कमी पडते. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांनी २००१ साली सर्वसाधारण परीक्षा रद्द करून विषय-चाचण्या मात्र ठेवाव्यात, असे जाहीरपणे सुचविले. म्हणजे विषयांची परीक्षा हीच मुळात गरिबांच्या विरोधी आहे, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही.

परंतु त्याच विद्यापीठाच्या कथेचा उत्तरार्ध या पूर्वार्धापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने विषय-चाचण्यांची अट काढून टाकण्याचा निर्णय घेतला व २०१२ च्या प्रवेशापासून तो अमलात आला. असे का घडले? चाचण्या वाईट ठरल्या म्हणून नव्हे. शाळेत चांगले गुण मिळविलेले अनेक विद्यार्थी केवळ या दोन चाचण्या न दिल्यामुळे अपात्र ठरत होते, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. कोणत्या चाचण्या द्यावयाच्या, केव्हा द्यावयाच्या, हे सांगणारे त्यांच्या शाळेत आणि घरी कोणी नव्हते. चाचणीत नापास होण्याची पाळी त्यांच्यावर आलीच नाही; ते चाचणीपर्यंत पोचलेच नाहीत. या निर्णयालाही विरोध झाला. विषय-चाचण्यांत चिनी व कोरियन भाषा होत्या, स्पॅनिशही होती. घरच्या भाषेच्या बळावर गुण मिळविणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांचा एक आधार जाईल, अशी भीती आशियाई वंशाच्या संघटनांनी व्यक्त केली. तिच्यातही तथ्य होते. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कॉलेज बोर्ड या संस्थेने विषय-चाचण्या सर्वत्रच बंद करण्याची घोषणा केली.

या अनुभवातून एक सूत्र हाती लागते. विषय-परीक्षा तत्त्वतः न्याय्य असू शकते. पण विषय निवडण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकली की त्या न्यायाला गळती लागते. परीक्षेच्या आधी एक दुसरी परीक्षा होऊन जाते. ती माहितीची परीक्षा असते. तिला अभ्यासक्रम नसतो, तिचा निकाल जाहीर होत नाही, आणि तीत नापास झालेल्याला आपण नापास झालो हेसुद्धा समजत नाही.

भारतात ही आधीची परीक्षा कोणकोणत्या रूपांत घेतली जाते, ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

पहिले रूप दोन नियमपुस्तकांचे. परीक्षा एक संस्था घेते आणि प्रवेश दुसरी संस्था देते. २०२५ साली परीक्षा संस्थेने सांगितले की, बारावीला कोणतेही विषय असले तरी विद्यार्थ्याला परीक्षेसाठी कोणतेही विषय निवडता येतील. वरवर पाहता ही उदार सवलत वाटते. परंतु दिल्ली विद्यापीठाचा नियम असा की, बारावीला जे विषय घेतले त्याच, किंवा त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, विषयांची परीक्षा दिलेली असली पाहिजे. एखाद्या मुलाने परीक्षा संस्थेचे पत्रक वाचले आणि विद्यापीठाचे वाचले नाही, तर तो न शिकलेला एखादा 'सोपा' विषय आनंदाने निवडील, त्यात उत्तम गुणही मिळवील, आणि ते गुण त्याला हव्या त्या ठिकाणी चालणार नाहीत. अर्ज भरताना त्याला कोणीही अडविले नव्हते. शुल्क मात्र स्वीकारले गेले होते.

दुसरे रूप पूर्वअटींचे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स अभ्यासक्रमासाठी गणिताची परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात कला शाखेतून अर्थशास्त्र शिकलेल्या मुलीला असे वाटणे स्वाभाविक आहे की, अर्थशास्त्र आवडते, त्यात गुणही चांगले आहेत, तेव्हा पुढे तेच घ्यावे. पण तिचे दार दोन वर्षांपूर्वी, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच बंद झालेले असते. कला शाखेत गणित घेता येते हे तिला कोणी सांगितलेले नसते, आणि सांगितले असते तरी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात तशी सोय मिळणे कठीणच. उलट विज्ञान शाखेच्या मुलाची गंमत पाहा. भौतिकशास्त्राच्या ऑनर्सला भौतिक, रसायन व गणित या तीन विषयांच्या गुणांवर यादी लागते, म्हणून तो तीनच विषय निवडतो. परंतु त्याशिवाय एका भाषेच्या चाचणीत किमान ३० टक्के गुण आवश्यक असतात. ती एक चाचणी निवडायची राहिली, तर तिन्ही विषयांतील यश व्यर्थ जाते.

तिसरे रूप पाठ्यपुस्तकांचे. अभ्यासविषयांच्या चाचण्या एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेल्या असतात. महाराष्ट्र राज्य मंडळाचा विद्यार्थी बालभारतीचे पुस्तक वाचतो. विज्ञानात दोहोंचे अंतर फार नाही, पण इतिहासाचे पाहा. राज्य मंडळाचे बारावीचे पुस्तक युरोपातील प्रबोधनापासून प्रारंभ करते आणि वसाहतवाद, मराठ्यांचा प्रतिकार, समाजसुधारणा, स्वातंत्र्यलढा, महायुद्धे, शीतयुद्ध या मार्गाने आधुनिक भारतापर्यंत येते. एनसीईआरटीची पुस्तके हडप्पा संस्कृतीपासून निघतात. त्यांत विजयनगर आहे, भक्ती आणि सूफी परंपरा आहेत, १८५७ आहे, संविधाननिर्मिती आहे. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी वाचनीय आहेत. पण विषयाचे नाव 'इतिहास' असे एकच असल्यामुळे विद्यार्थी समजतो की, वर्षभर केलेला अभ्यास येथे उपयोगी पडेल. प्रश्नपत्रिका समोर आल्यावर हा भ्रम दूर होतो. केंद्रीय मंडळाच्या शाळेतील विद्यार्थ्याला बारावीची तयारी हीच प्रवेशाची तयारी ठरते. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला त्याच काळात दोन वेगळे इतिहास वाचावे लागतात. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिल्याने सर्वांना एकच परीक्षा दिली असे होत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

चौथे रूप गुणांच्या तुलनेचे. एकाच विषयाची परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून त्या सत्रांतील गुणांचे समानीकरण केले जाते. परंतु इतिहासातील २०० गुण आणि राज्यशास्त्रातील २०० गुण यांचे वजन सारखे आहे काय, याचे उत्तर समानीकरणातून मिळत नाही. यादी तर वेगवेगळ्या विषयांच्या गुणांची बेरीज करूनच लागते. मग ज्याला कोणत्या विषयात गुण अधिक पडतात याचा अंदाज आहे, तो आवड बाजूला ठेवून त्याच विषयाकडे वळतो. असा अंदाज बांधून देणारा धंदा आता उभा राहिला आहे. खासगी क्लासवाले मागील वर्षांच्या गुणांची कोष्टके मांडतात, कोणते विषय एकत्र घेतले तर किती अभ्यासक्रमांची दारे उघडी राहतात याचा हिशेब करून देतात, आणि त्या हिशेबाचे दाम घेतात. शिकविण्याचे दाम घेणे जुनेच होते. निवडीचा सल्ला ही विक्रीची वस्तू झाली, हे नवे आहे.

पाचवे रूप शुल्काचे. २०२५ साली खुल्या प्रवर्गासाठी तीन विषयांपर्यंत १००० रुपये व पुढील प्रत्येक विषयाला ४०० रुपये, असा दर होता. अनुसूचित जाती-जमातींसाठी तो अनुक्रमे ८०० व ३५० रुपये होता. पाच विषयांचे शुल्क खुल्या प्रवर्गाला १८०० आणि अनुसूचित जाती-जमातींना १५०० रुपये पडले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. हिशेब सरळ आहे. खुल्या प्रवर्गातील मजुराची जवळजवळ सहा दिवसांची आणि दलित-आदिवासी मजुराची जवळजवळ पाच दिवसांची कमाई एका अर्जात जाते; परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास आणि मुक्काम वेगळा. चौथा-पाचवा विषय हा सुखवस्तू घरात विम्यासारखा घेतला जातो : एक बिघडला तर दुसरा हाताशी असावा. गरीब घरात तो पहिल्यांदा वगळला जातो. ज्याला चुकण्याची मुभा हवी, त्यालाच ती मिळत नाही.

या सर्वांवर कडी म्हणजे नियमांची अस्थिरता. २०२२ साली नऊ विषय निवडता येत होते, २०२३ साली दहा, २०२४ साली सहा, आणि २०२५ साली पाच. २०२४ साली काही विषयांची परीक्षा कागदावर व काहींची संगणकावर झाली. दिल्लीतील केंद्रांवरची १५ मेची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली आणि निकाल जुलैअखेर लागला. २०२५ पासून सर्व परीक्षा पुन्हा संगणकावर गेली. ज्या घरात वर्तमानपत्र येते, इंटरनेट आहे, शिकलेले मामा-काका आहेत, त्या घराला हे बदल कळतात. ज्या घरातले पहिलेच मूल बारावीला पोचले आहे, त्या घराने हे बदल कोणाकडून समजून घ्यावेत? कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक बारावीच्या पेपरांत गुंतलेले असतात. २०२५ चा अर्ज तर मार्च महिन्यात, बारावीच्या परीक्षेच्याच धामधुमीत भरावयाचा होता. शेवटी तो भरला जातो बाजारपेठेतल्या एखाद्या ई-सेवा केंद्रात, आणि विषय निवडतो तेथील संगणकावर बसलेला पोरगा. तो भला असतो. पण त्याच्यामागे रांग असते.

भाषेचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडला पाहिजे, कारण त्यात अन्याय आणि संधी दोन्ही आहेत. या परीक्षेच्या १३ भाषांत मराठी आहे. प्रश्नपत्रिकेचे माध्यम म्हणूनही मराठी निवडता येते, आणि भाषेची चाचणी म्हणूनही. दिल्ली विद्यापीठातील पुष्कळ अभ्यासक्रमांना 'एक भाषा' लागते व ती मराठी चालते. भाषेच्या चाचणीला नेमलेले पुस्तक नसते. उतारा वाचून समजणे, शब्दांचा अर्थ ओळखणे यांवर ती असते. मराठीत दहा-बारा वर्षे शिकलेल्या मुलाचे बळ येथे आहे. तरीही इंग्रजी घेतल्याशिवाय पुढे निभाव लागणार नाही, या धास्तीने मुले आपले हुकमी २५० गुण सोडून देतात. इंग्रजी पुढे शिकावीच लागेल; इंग्रजी साहित्यासारख्या अभ्यासक्रमाला तिची चाचणीही द्यावी लागेल. परंतु जेथे अट नाही तेथे मराठी टाळणे हा शुद्ध तोटा आहे.

विषयांच्या यादीत कोणती भाषा असावी हा प्रश्न नेहमीच राजकीय राहिलेला आहे. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून देशी भाषा एकोणिसाव्या शतकात वगळल्या गेल्या, तेव्हा मराठीला तेथे पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना झटावे लागले होते. आज मराठी यादीत आहे, म्हणून मराठी माणसाने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. २०२५ साली भाषांची संख्या ३३ वरून १३ वर आणली गेली, तेव्हा कोकणी गेली, संथाळी गेली, बोडो गेली, मैथिली गेली. गोव्यातील कोकणी भाषक मुलाने किंवा झारखंडमधील संथाळ मुलीने आपल्या भाषेच्या बळावर गुण मिळविण्याचा मार्ग एका परिपत्रकाने बंद झाला. ज्यांच्या भाषेला बाजारात भाव नाही त्यांच्या भाषेला परीक्षेतही जागा नाही, असा याचा अर्थ होतो. मराठी कार्यकर्त्यांनी या भाषांच्या बाजूने बोलले पाहिजे.

महाराष्ट्र सरकारच्या स्वतःच्या परीक्षेतही हे दोष थोड्याफार फरकाने आहेत. अभियांत्रिकी व औषधनिर्माण शास्त्राच्या राज्य प्रवेश परीक्षेत विद्यार्थ्याला दोन गटांपैकी निवड करावी लागते : भौतिक-रसायन-गणित किंवा भौतिक-रसायन-जीवशास्त्र. ही निवड वस्तुतः अकरावीत, वयाच्या सोळाव्या वर्षी झालेली असते. त्या परीक्षेत भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांची प्रश्नपत्रिका मराठीत मिळण्याची सोय ठेवलेली आहे. गणिताची मात्र इंग्रजीतच. म्हणजे गट निवडताना विद्यार्थी नकळत भाषाही निवडत असतो. हे राज्य मराठीच्या नावाने स्थापन झाले, एवढीच आठवण येथे पुरे.

मग ही परीक्षाच नको, असे म्हणावे काय? तमिळनाडूच्या विधानसभेने एप्रिल २०२२ मध्ये या सामायिक परीक्षेविरुद्ध ठराव केला. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेबाबत निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ साली दिलेल्या अहवालात तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण त्या परीक्षेनंतर घटल्याचे दाखविले होते. त्या अनुभवाची पार्श्वभूमी या ठरावाला होती. राज्यांच्या शिक्षणव्यवस्थेचा आणि राज्यांच्या पाठ्यपुस्तकांचा मान राखावा, ही भूमिका रास्त आहे, आणि तिच्यासाठी राजकीय संघर्ष चालू राहिला पाहिजे. परंतु या वर्षी जो विद्यार्थी अर्ज भरणार आहे, त्याला हा संघर्ष संपेपर्यंत थांबता येणार नाही. त्याला पाच विषय निवडावयाचे आहेत. दूरच्या न्यायासाठी लढत असताना जवळच्या अन्यायाकडे डोळेझाक करणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यातील एक प्रमुख मुद्दा असा होता की, शिक्षणाचा पैसा शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांना होतो. केंद्रीय विद्यापीठे जनतेच्या करावर चालतात. मजूर मोबाइलसारख्या ज्या वस्तू विकत घेतो त्यांवरील करात त्याचाही वाटा असतोच. त्या विद्यापीठाच्या दारावरची अट समजली नाही एवढ्याच कारणाने त्याची मुलगी बाहेर राहत असेल, तर जोतीरावांचा आक्षेप आजही जागच्या जागी उभा आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम दुहेरी आहे. एक सरकारकडे मागण्याचे आणि दुसरे स्वतः करण्याचे.

मागण्या नेमक्या असाव्यात. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतील हे विद्यापीठांनी विद्यार्थी अकरावीत प्रवेश घेण्यापूर्वी जाहीर करावे, आणि तो विद्यार्थी बारावी होईपर्यंत ते बदलू नये. परीक्षा संस्था व विद्यापीठे यांचे नियम एकाच ठिकाणी, मराठीसह सर्व माध्यम-भाषांत मिळावेत. आणि निवडलेले विषय ज्या अभ्यासक्रमाला चालणार नाहीत, त्याची सूचना अर्ज भरतानाच मिळावी. संगणकाला हे अवघड नाही. गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांना पाचही विषयांचे शुल्क माफ असावे. राज्य मंडळाने आपली पाठ्यपुस्तके व एनसीईआरटीची पुस्तके यांतील फरक दाखविणाऱ्या पुस्तिका विषयवार काढाव्यात, आणि राज्याच्या परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळावी. वगळलेल्या भाषा परत घ्याव्यात. यांपैकी एकाही मागणीला फार मोठा पैसा लागत नाही. लागते ती इच्छा, आणि ती दबावाशिवाय उत्पन्न होत नाही.

दुसरे काम चळवळीच्या हातातले आहे. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, तेव्हा त्यांनी सरकारच्या परिपत्रकाची वाट पाहिली नव्हती. आजच्या काळात प्रत्येक तालुक्यात, अर्ज निघण्याच्या आधी, दोन दिवसांचे एक मार्गदर्शन शिबिर घेणे अशक्य नाही. विद्यापीठांची पत्रके तेथे वाचून दाखवावीत. क्रम उलटा ठेवावा : आधी विद्यार्थ्याला काय शिकावयाचे आहे ते विचारावे, मग त्या अभ्यासक्रमाची अट वाचावी, मग विषय ठरवावेत, आणि सर्वांत शेवटी अर्ज भरावा. भाषेची एक चाचणी राहिली नाही ना, बारावीचे आणि परीक्षेचे विषय जुळतात ना, या दोन गोष्टी सही करण्यापूर्वी तपासाव्यात. शिक्षक संघटनांतील सहकाऱ्यांनी दहावीच्या मुलांपर्यंत जावे, कारण खरी निवड तेथेच होते. ज्या गावची एखादी मुलगी यापूर्वी दिल्लीला किंवा हैदराबादला पोचली असेल, तिला सुटीत बोलवावे. तिचा एका तासाचा अनुभव शंभर पत्रकांहून उपयोगी ठरेल. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ती छापून वाचनालयात ठेवावीत.

हे काम किरकोळ वाटण्याचा संभव आहे. यात घोषणा नाहीत, अटक नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र नाही. परंतु सावकाराच्या वहीतला आकडा वाचता यावा म्हणून ज्यांनी रात्रीच्या शाळा चालविल्या, त्यांचेही काम असेच बिनबोभाट होते. आजची वही संगणकाच्या पडद्यावर आहे आणि तिच्यातील अटी बारीक अक्षरांत आहेत. त्या अटी मुलांना वाचून दाखविण्याचे काम पुढचे अर्ज निघण्यापूर्वी प्रत्येक तालुका समितीने अंगावर घ्यावे, एवढेच या अभ्यासवर्गापुढे मागणे आहे.